बोलावे, पण कोणाशी?

दि. २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीचे औषधविक्रेते उमेश कोल्हे आपले दुकान बंद करून दुचाकीवरून घराकडे निघाले होते. मागून दुसऱ्या दुचाकीवर त्यांचा मुलगा आणि सून येत होते. घंटाघर परिसरात कोल्हे यांना गाठून त्यांच्या मानेवर वार करण्यात आले. त्यांचे वय अवघे ५४ वर्षांचे होते. प्रारंभी हा लूटमारीचा प्रकार मानला गेला. पुढे जे कारण समोर आले, त्याने केवळ अमरावतीच नव्हे, तर सारा देश हादरला. मे २०२२ मध्ये एका दूरचित्रवाणी चर्चेतील वक्तव्यामुळे वादात सापडलेल्या नूपुर शर्मा यांचे समर्थन करणारा मजकूर कोल्हे यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर टाकला होता. तेवढ्याच ‘अपराधा’साठी हा माणूस संपवण्यात आला, असे तपासातून पुढे आले. आठवडाभरात, २८ जून रोजी, उदयपूरमध्ये कन्हैयालाल या शिंप्याची त्याच्याच दुकानात त्याच निमित्ताने निर्घृण हत्या झाली. २ जुलै रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने अमरावतीचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे सोपवला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अकरा जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले. दोषी कोण, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

या प्रकरणातील एक गोष्ट मात्र अमरावतीकरांच्या मनात काट्यासारखी रुतून बसली. तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे, तो मजकूर ज्याने ग्रुपमधून उचलून दुसरीकडे पोहोचवला, तो कोणी अनोळखी इसम नव्हता. तो कोल्हे यांच्या परिचयातला होता. ही ओळख अनेक वर्षांची होती, असे कोल्हे यांच्या कुटुंबीयांनी तेव्हा सांगितले. म्हणजे ज्याच्याशी रोजचे बोलणे, देणेघेणे, सुखदुःखाची विचारपूस होती, त्याच्यापर्यंत एक राजकीय मत पोहोचले आणि त्या मताचे पुढे काय झाले, हे मत मांडणाऱ्याला कळलेदेखील नाही.

एक गोष्ट आरंभीच निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कोल्हे यांचे काहीही चुकले नव्हते. स्वतंत्र भारताच्या नागरिकाला आपले राजकीय मत मांडण्याचा जो अधिकार राज्यघटनेने दिला आहे, तोच त्यांनी बजावला. मताला उत्तर मताने द्यायचे असते, सुऱ्याने नव्हे. एरवी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने गळा काढणाऱ्या किती मंडळींनी त्या दिवसांत अमरावतीच्या या औषधविक्रेत्यासाठी दोन शब्द खर्च केले, याचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडावा. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. तो आपल्यासाठी आहे. हाताहातांत मोबाईल आलेल्या या काळात राजकारणाविषयी बोलावे, पण कोणाशी?

दोन सोपी उत्तरे

कोल्हे यांच्या हत्येनंतर वऱ्हाडातील अनेक मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येऊ लागली.

पहिले उत्तर घाबरलेल्या घरातले. ‘कशाला पाहिजेत नसती भानगडी? दुकान सांभाळा, नोकरी सांभाळा, सुप्रभात पाठवा आणि गप्प बसा.’ या उत्तरामागची आईची, पत्नीची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु उत्तर म्हणून ते चुकीचे आहे. ज्यांनी हे कृत्य घडवून आणले, त्यांना नेमके हेच हवे होते. एक माणूस मारून हजारो माणसांना मुके करणे, हेच दहशतवादाचे गणित असते. आपण मौन पत्करले, तर ते गणित बरोबर ठरते.

दुसरे उत्तर चिडलेल्या घरातले. ‘यापुढे आपल्याच लोकांशी बोलायचे. बाकीच्यांना ग्रुपमधून काढून टाका.’ हेही समजण्यासारखे आहे. पण कार्यकर्त्यासाठी ते पहिल्याहून घातक आहे. जो आधीच आपला आहे, त्याला आपले म्हणणे दिवसातून दहा वेळा पाठवण्याने समाजात काय बदलते? सर्वांनी एकमेकांना अंगठा दाखवायचा आणि कार्य वाढले, असे समजायचे! संघकार्याची वाढ या रीतीने झालेली नाही. जो आपला नाही त्याच्या दारात जाणे, तो नाही म्हणाला तरी पुन्हा जाणे, राजकारणाचे नाव न काढता त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयताला उभे राहणे, याला संपर्क म्हणतात. डॉ. हेडगेवारांनी काँग्रेसच्या चळवळीत काम केले होते. संघस्थापनेनंतरही त्यांचा स्नेह विविध मतांच्या लोकांशी होता. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याच्या संघशिबिराला महात्मा गांधींनी भेट दिली. आपल्याशीच बोलण्याचे व्रत घेतलेल्या संघटनेत असे प्रसंग घडत नसतात.

तेव्हा मौन नको आणि कोंडाळेही नको. उरतो तो तिसरा मार्ग, निवडीचा. तो अधिक अवघड आहे, म्हणूनच त्याचा नीट विचार झाला पाहिजे.

ग्रुप म्हणजे पार नव्हे

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावी जा. मारुतीच्या देवळापुढे पार असतो. संध्याकाळी तिथे कापसाच्या भावापासून दिल्लीच्या तख्तापर्यंत सर्व विषयांचा समाचार घेतला जातो. हमरीतुमरी होते, क्वचित कोणी तरातरा उठूनही जातो. पण पारावर बोलणाऱ्याला समोर कोण बसले आहे, ते दिसत असते. नवा माणूस आला की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. एखाद्याचा चेहरा पडला की दुसरा विषयाला वळण देतो. शब्द बोलला जातो आणि त्याच्याबरोबर बोलणाऱ्याचे हसणे, त्याचा आवाज, त्याची दहा वर्षांची वागणूक हेही ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या दिवशी त्याच दोघांना एकाच विहिरीवर मोटार चालू करायला जायचे असते.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप पारासारखा भासतो, पण तो पार नाही. नोव्हेंबर २०२२ पासून एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसे असू शकतात. त्यांपैकी बोलतात दहाबारा. बाकीचे ऐकतात की नाही, ऐकून काय करतात, कोणाला दाखवतात, याची बोलणाऱ्याला गंधवार्ता नसते. शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, व्यापाऱ्यांचा ग्रुप, शेतकऱ्यांना फवारणीची माहिती देणारा ग्रुप असे एकाच माणसाच्या खिशात दहा-वीस पार असतात आणि एकाही पाराला कठडा नसतो. इथे लिहिलेले वाक्य स्क्रीनशॉटच्या रूपाने कापून दुसरीकडे नेता येते. वाक्य जाते, वाक्यामागचा माणूस मात्र मागे राहतो.

या साधनाचा वेग किती जीवघेणा ठरू शकतो, याचा अनुभव महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी घेतला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. देशभरात अशा घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा आणखी आवर घालण्यात आला. यंत्राने वेग कमी केला, हे बरेच झाले. विवेक मात्र यंत्राने पुरवायचा नसतो.

अमरावती आणि अकोला

कोल्हे यांच्या हत्येच्या सात महिने आधीची अमरावती आठवून पाहावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये बांगलादेशात दुर्गापूजेच्या मंडपांवर आणि हिंदूंच्या घरांवर हल्ले झाले. त्याचे पडसाद त्रिपुरात उमटले. त्रिपुरातील घटनांविषयी खरे-खोटे मिसळलेले मजकूर आणि छायाचित्रे देशभर फिरू लागली. १२ नोव्हेंबरला त्रिपुरापासून हजारो कोस दूर असलेल्या अमरावती, मालेगाव, नांदेड या शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले आणि दुकानांवर दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, अमरावतीत पुकारलेल्या बंदलाही हिंसक वळण लागले आणि तेव्हाही दुकानेच फुटली व जळली. संचारबंदी लागू झाली, इंटरनेट बंद करावे लागले. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने स्पष्ट केले की, त्रिपुरातील गोमती जिल्ह्यात मशिदीची नासधूस झाल्याचे जे वृत्त फिरत होते, ते खोटे होते. अमरावतीच्या दुकानदाराला मात्र हे कळेपर्यंत त्याचे दुकान फुटले होते. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी आरंभ केला, हे खरे. पण त्याला उत्तर म्हणून रस्त्यावर उतरलेल्या संतापाने आपल्याच शहराचे आणखी नुकसान केले, हेही तितकेच खरे. हे मान्य करायला संकोच वाटू नये.

पुढे १३ मे २०२३ रोजी अकोला पेटले. तिथे निमित्त झाले इन्स्टाग्रामवरील एका मजकुराचे. सायंकाळनंतर जुने शहर भागात जमाव समोरासमोर आले, वाहने जाळली गेली, एका व्यक्तीचा मृत्यू झाला, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. पुन्हा जमावबंदी, पुन्हा इंटरनेट बंद. इन्स्टाग्राम हे प्रामुख्याने तरुण मुलांचे माध्यम. बाहेरच्या खोलीत वडील दूरदर्शनवरच्या बातम्या पाहत असतात, स्वयंपाकघरात आई दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करीत असते आणि आतल्या खोलीत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा ज्याला कधी पाहिलेले नाही अशा कोणाशी तरी देव, धर्म, इतिहास यांवरून शब्दाला शब्द वाढवीत असतो. मुलगा रात्री कोणाबरोबर हिंडतो, याची चौकशी करणारे जागरूक पालक तो रात्री कोणाशी बोलतो, याची चौकशी करीत नाहीत. ती आता केली पाहिजे. दरडावून नव्हे, शेजारी बसून.

चरकाचार्यांची कसोटी

‘कोणाशी बोलावे’ हा प्रश्न मोबाईलबरोबर जन्मला, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी त्यावर इतका बारकाईने विचार करून ठेवला आहे की, आजच्या माणसाने थक्क व्हावे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढत राहणे ही वितंडा. रात्री नऊ वाजता दूरचित्रवाणीवर चौकटीचौकटींतून चालणारी आरडाओरड यांपैकी कशात बसते, हे वाचकांना सांगायला नको. ज्या वक्तव्यावरून २०२२ साली एवढे सारे घडले, ते अशाच एका आरडाओरडीतून बाहेर पडले होते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, याचे विवेचन आहे. चरकाचार्य संभाषेचे दोन प्रकार मानतात. पहिली संधायसंभाषा, म्हणजे स्नेहाने केलेली. ती कोणाशी करावी? ज्याला विषयाचे ज्ञान आहे, जो प्रश्न विचारू शकतो आणि उत्तरही देऊ शकतो, जो चटकन रागावत नाही, ज्याच्या मनात असूया नाही, ज्याला समजावता येते आणि जो स्वतः समजावू शकतो, त्याच्याशी. अशा माणसाजवळ निःशंक बोलावे, हरण्याची भीती बाळगू नये आणि जिंकलो तर बढाई मारू नये, असे ते सांगतात.

दुसरी विगृह्यसंभाषा, म्हणजे विरोधाने केलेली. तिच्यात उतरण्यापूर्वी प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ आहे, बरोबरीचा आहे की उणा, हे तोलून पाहायचे. तेवढ्याने भागत नाही. भोवतीची परिषद, म्हणजे ऐकणारी सभा कशी आहे, हेही पाहायचे. ती जाणकार आहे की अजाण? ती आपल्याविषयी स्नेह बाळगणारी आहे, तटस्थ आहे की आधीच वैरभाव धरून बसलेली आहे? आणि इथे चरकाचार्य निर्णायक सांगतात की वैर धरून बसलेल्या सभेत, मग ती जाणकारांची असो की मूढांची, कोणाशीही वाद घालू नये.

याचा अर्थ आजच्या भाषेत लावून पाहावा. आपण ज्याला उत्तर देतो तो एकटा आपला श्रोता नसतो. त्याच्यामागे बसलेली सभा हीच खरी श्रोता असते. मोबाईलने आपल्याकडून काय हिरावले असेल, तर ती सभा पाहण्याची दृष्टी. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य वाद घालण्याआधी सभेकडे नजर टाकत होता. आजचा पदवीधर सभेकडे न पाहता अंगठ्याने ‘पाठवा’ दाबतो.

समोरासमोरचा वारसा

मतभेद असणाऱ्याशी बोलू नये, असा या विवेचनाचा अर्थ मुळीच नाही. वऱ्हाडचा इतिहास उलटेच सांगतो. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी याच अमरावतीत, इंद्रभुवन नाट्यगृहात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या प्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे कार्यकर्ते त्या चळवळीत होते. गावातील सनातनी मंडळी विरोधात होती. याहून ज्वलंत विषय कोणता असणार? तरीही तो प्रश्न सभेत, ठरावांत, नावानिशी आणि चेहऱ्यानिशी मांडला गेला. बरोबर ९४ वर्षांनी त्याच तारखेला त्याच शहरात संचारबंदी लागली, ती कोणी कोणाशी समोरासमोर काही बोलल्यामुळे नव्हे.

अकोल्याचेही उदाहरण आहे. स्वातंत्र्याच्या अवघा आठवडाभर आधी, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, संयुक्त महाराष्ट्राचे आग्रही शंकरराव देव आणि वऱ्हाडचे वेगळेपण जपू पाहणारे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते एकत्र बसले आणि त्यातून अकोला करार झाला. तो करार पुढे तसाच अमलात आला नाही. १९५३ मध्ये नागपूर करार करावा लागला आणि वेगळ्या विदर्भाचा प्रश्न तरीही धुमसत राहिला. बोलण्याने सर्व मतभेद मिटतात, असे नाही. पण ज्यांनी बोलणी केली, त्यांना एकमेकांची अडचण कळली. तेवढीही कमाई थोडी नसते.

आणि आणीबाणी? ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. ‘जमाते इस्लामी’वरही आली. तुरुंगांच्या बराकींत संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, मार्क्सवादी आणि जमातचे कार्यकर्ते यांना शेजारी शेजारी राहावे लागले. आयुष्यभर ज्यांची टवाळी केली, त्यांच्याबरोबर एका पंगतीला बसावे लागले. त्या दीड-दोन वर्षांत कोणी आपली विचारसरणी सोडली नाही. पुढे जनता पक्ष दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर फुटला, हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीही बाहेर आल्यावर गावोगावी मतभेदांवर मात करणारे जे स्नेह टिकून राहिले, ते त्या बराकींचे देणे होते. तिथे स्क्रीनशॉट नव्हता. तिथे ताप आला तर शेजारचा माणूस पाण्याची पट्टी ठेवत होता.

अगदी अलीकडचे सांगायचे, तर ७ जून २०१८ रोजी माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी नागपुरात संघ शिक्षा वर्गाच्या समारोपाला आले. दीर्घकाळ काँग्रेसमध्ये राहिलेला नेता संघाच्या व्यासपीठावरून आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडून गेला. त्यांनी जाऊ नये, म्हणून त्यांच्याच पक्षातून दबाव आला. आणि नंतर काय झाले? त्यांनी संघाची टोपी घातल्याचे, संघपद्धतीने प्रणाम केल्याचे बनावट छायाचित्र मोबाईलवरून फिरू लागले. संघाने त्याचा निषेध केला. एका व्यासपीठावर घडलेला खरा संवाद एका खोट्या चित्राने झाकोळण्याचा तो उद्योग होता. तो कोणी केला, याहून तो पुढे पाठवताना किती जणांनी क्षणभर थांबून विचार केला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

निवड कशी करावी?

तर मग कार्यकर्त्याने आणि सामान्य कुटुंबाने निवडावे कोणाला? पहिली कसोटी दाराची. ज्याच्या दाराची कडी आपण वाजवू शकतो आणि जो आपल्या दारी येऊ शकतो, त्याच्याशी बोलावे. ज्याचे नाव खरे आहे की खोटे, हेच ठाऊक नाही, त्याच्याशी रात्री बारापर्यंत भांडणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणे होय. भिंतीला काही होत नाही.

परंतु केवळ ओळख पुरेशी नाही, हे अमरावतीने शिकवले. म्हणून दुसरी कसोटी. मतभेद सोसण्याची सवय दोघांनाही आहे का? ही सवय देव-धर्माच्या विषयावर एकदम तपासून पाहायची नसते. नगरपालिकेच्या पाण्याच्या प्रश्नावर, सोयाबीनच्या भावावर, क्रिकेटच्या संघनिवडीवर ज्याला आपले ‘नाही’ पचते, त्याच्याशी पुढे मोठ्या विषयावर बोलता येते. आपल्या बाजूची एखादी चूक ज्याने कधीतरी कबूल केली आहे, तो माणूस बोलण्याजोगा. आणि आपणही तशी कबुली कधी दिली आहे का, हे तपासल्याशिवाय हा निकष दुसऱ्याला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तिसरी कसोटी सभेची. मतभेदाचे बोलणे दोघांत करावे, चारचौघांसमोर नव्हे. आणि ग्रुपवर तर नव्हेच. एखाद्या शेजाऱ्याने काही खटकणारे पाठवले, तर त्याला तिथेच सर्वांदेखत उत्तर देण्यापेक्षा संध्याकाळी त्याच्याकडे चहाला जावे. ग्रुपवर तो आपल्या बाजूच्या लोकांसाठी बोलतो. चहाच्या कपासमोर तो स्वतःसाठी बोलतो. इतर धर्मीय परिचितांच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. ज्याच्याशी वीस वर्षे व्यवहार आहे, त्याच्याशी त्याच्या धर्माविषयी, आपल्या व्यथेविषयी, इतिहासाविषयी जे बोलायचे ते त्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलता येत असेल, तरच बोलावे. सरसंघचालक मोहनजी भागवत २२ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीत मशिदीत जाऊन इमाम संघटनेच्या प्रमुखांना भेटले, ही घटना कोल्हे यांच्या हत्येनंतर अवघ्या तीन महिन्यांची आहे. तिचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा. जखम ताजी असतानाही प्रत्यक्ष भेटीचे दार बंद करायचे नसते.

शेवटची गोष्ट कायद्याची. समाजात वैर पसरवणारा किंवा धार्मिक भावना दुखावण्याच्या दुष्ट हेतूने केलेला मजकूर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि २९९ खाली येऊ शकतो. त्याआधी भारतीय दंड संहितेची १५३ अ आणि २९५ अ ही कलमे होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की, समान हेतू असल्याचे दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. अ‍ॅडमिनला दिलासा मिळाला. पण त्यामुळे मजकूर टाकणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही. आणि आपल्याला कोणी कोणत्या ग्रुपमध्ये घालावे, हे ठरवण्याची सोय एप्रिल २०१९ पासून मोबाईलमध्येच आहे. ती किती घरांत वापरली जाते?

मैदान सोडायचे काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘वैचारिक लढाई चालू असताना आपण मैदानातून निघून जायचे काय? विरोधक दिवसरात्र अपप्रचार करणार आणि आम्ही चहा पीत बसायचे?’

मैदान सोडायचे नाही. परंतु जाहीर मांडणी आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. लेख लिहावा, भाषण करावे, खोट्या बातमीचे पुराव्यासह खंडन करावे, आणि ते स्वतःच्या नावाने करावे. ते करताना समोरच्या शिवराळ प्रतिपक्षाकडे पाहू नये. तटस्थपणे ऐकणाऱ्या त्या मोठ्या, अबोल सभेकडे पाहावे. तिला शिव्या नको असतात, तपशील हवा असतो. एक खोटा आकडा, एक बनावट चित्र आपल्याकडून गेले, तर शंभर खरी विधाने त्याबरोबर बुडतात. जाहीर बोलणे कमी, तोललेले आणि खरे असावे. संवाद मात्र भरपूर असावा, पण निवडलेल्या माणसांशी.

दिवसाला शंभर मजकूर पुढे ढकलणाऱ्या कार्यकर्त्याने एक हिशेब मांडून पाहावा. त्या शंभर मजकुरांना लागलेल्या दोन तासांत किती घरे झाली असती? वऱ्हाडच्या या भूमीत संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर थाप देऊन माणसे बदलली. त्यांच्यापुढे बसलेला माणूस त्यांना दिसत होता आणि ते त्याला दिसत होते. साधने बदलली, तरी माणूस बदलण्याची रीत बदललेली नाही.

उमेश कोल्हे यांचे स्मरण त्यांच्या छायाचित्रावर हार घालून, दरवर्षी जूनमध्ये एक संतप्त मजकूर फिरवून पूर्ण होणार नाही. ज्या अमरावतीत आणि अकोल्यात एका मजकुराने माणसे मरतात, त्या शहरांतल्या प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक आळीत, मतभेद असूनही एकमेकांच्या घरी जाणारी दोन माणसे असतील, तर पुढची अफवा त्या दोघांच्या उंबरठ्यावर अडेल. ती दोन माणसे निवडणे आणि त्यांतले एक आपण होणे, हे आजच्या घडीला कोणत्याही घोषणेपेक्षा मोठे राष्ट्रकार्य आहे.